ताई, तुझ्या काढ्याने नाही

ताई,

तुझ्या तेराव्याला मला चार शब्द बोलायला सांगितलं होतं. तुझ्या डब्यावर जगलेल्या पोरी आल्या होत्या. सदाशिव पेठेतल्या तुझ्या दोन खोल्यांत मावेनात म्हणून काही जिन्यावर उभ्या होत्या. लातूरकडची एक म्हणाली, "परीक्षेच्या दिवशी मावशी डब्यात जास्तीची पोळी घालायच्या आणि वर चिठ्ठी न लिहिता नुसता गुळाचा खडा ठेवायच्या." सगळ्या रडल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी उठलो, हात जोडले आणि बसलो. भावाला भरून आलं, असं लोकांना वाटलं. मला काही भरून आलं नव्हतं. मला तुझ्याबद्दल एकच गोष्ट सांगायची होती आणि ती पानात जिलेबी वाढलेली असताना सांगता येण्यासारखी नव्हती.

म्हणून लिहितोय. तुझ्या मुलीला विचारून लिहितोय. इथे मी तिला शीतल म्हणणार आहे आणि नातीला जुई. त्यांची खरी नावं तुला माहीत आहेत, बाकीच्यांना कळायची गरज नाही. शीतल म्हणाली, "लिही. पण मामा, माझ्या नावानं रडू नको. रडायचं तर स्वतःच्या नावानं रड." तुझीच पोरगी.

सुरुवात कुठून करू? मी सरळ बोलत नाही, अशी तुझी तक्रार होती. "पुण्यात राहून तू कोरडा झाला, बाबू. इथचे लोक पाणी विचारतात तेबी असं, का माणसानं नाहीच म्हणावं." आणि मग मी 'मला-तुला' म्हणतो यावर हसायचीस. मी तुला कधी सांगितलं नाही, पण पुण्याने मला कोरडं केलं नाही. मी आधीपासून तसाच होतो. पुण्यात फक्त ते खपून गेलं.

सुरुवात बॅगेपासून करतो.

आपल्या वर्ध्याला दारूबंदी. त्यामुळे पुण्याहून मी दिवाळीला, लग्नाला यायचो तेव्हा घरातल्या पुरुषांच्या नजरा माझ्या तोंडाकडे नसायच्या, सामानाकडे असायच्या. भाऊजी, मोठे काका, चुलत भाऊ. "प्रवास कसा झाला?" या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. मी पुण्यातल्या कंपनीत क्वालिटीला होतो, साहेब होतो, आणि माझी घरातली किंमत त्या बाटल्यांवर ठरायची हे मला आवडायचं. स्टेशनवर कधीमधी तपासणी असायची. तेव्हा ही युक्ती मला सुचली. दुसऱ्या कोणाला नाही, मलाच. शीतल उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे पुण्याला यायची, आणि परत तिला मी सोडायला यायचो. पोरीची बॅग कोण उघडतं? तिच्या फ्रॉकमध्ये गुंडाळून, वर चित्रकलेची वही आणि टेडी. चौथी-पाचवीत असेल. ती त्या बॅगेवर बसायची आणि वर्धा जवळ आलं की माझ्या कानात विचारायची, "मामा, आज माह्या बॅगेत किती?" मी बोटं दाखवायचो. ती तोंडावर हात ठेवून हसायची. घरी पोचलं की काका तिचे गाल ओढायचे, तिला चॉकलेट मिळायचं. दारू ही पोरीच्या बॅगेत लपवायची वस्तू असते आणि लपवली की घरातले मोठे खूष होतात, हे तिला मी शिकवलं. कुठल्याही मैत्रिणीच्या आधी, कुठल्याही पोराच्या आधी.

एकदा झाकण सैल निघालं. तू कपडे धुवायला काढलेस आणि फ्रॉक नाकाशी धरून अंगणात उभी राहिलीस.

"बाबू, पोरीच्या कपड्याले कायचा वास येऊन राहिला?"

"खोकल्याचं औषध सांडलं गं."

"एवढा खोकला? आख्ख्या खानदानाले झाला का?"

मी हसलो. तू हसली नाहीस. तो फ्रॉक तू पुन्हा तिला घातला नाहीस, त्याचं पायपुसणं केलंस. पुढच्या वर्षी मी परत तेच केलं. फक्त बाटली नीट बघून घेतली.

भाऊजी आजारपणात गेले तेव्हा शीतल आठवीत होती. दहावीला तिला चांगले मार्क पडले आणि तू ठरवलंस, पोरगी डॉक्टर होणार. क्लास पुण्यात, सदाशिव पेठेत. राहायला मामाचं घर, सिंहगड रोडला. तू तिला स्वारगेटला उतरवून माझ्या हातात दिलीस आणि माझ्या बायकोला, सुनीताला म्हणालीस, "माह्या घरात हिनं कधी सुपारीही नाही खाल्ली. तुमच्या हवाली केली." आमच्या घरात फ्रीजशेजारच्या कपाटात वरच्या फळीवर काय असतं ते तुला माहीत होतं. तरी हवाली केलीस, कारण मी भाऊ होतो.

ताई, तिला पहिली चव मी दिली. हे तुला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. ती अकरावीत होती, थर्टी फर्स्टला कंपनीतले लोक घरी जमले होते. सगळे ग्लास घेऊन बसलेले आणि ती कोपऱ्यात मोबाइल घेऊन. मी तिच्या कोल्ड्रिंकमध्ये एक झाकण रम ओतली. सुनीता म्हणाली, "अहो, काय हे? लहान आहे ती." मी म्हणालो, "घरात चव घेतली की मुलं बाहेर जाऊन शोधत नाहीत. आपल्यासमोर झालेलं बरं." चार जणांनी माना हलवल्या. शिकलेले, इंजिनिअर लोक. शीतलने घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं, सगळे हसले. एक जण म्हणाला, "वर्ध्याची बंदी उठली!" त्यावर मीही हसलो. तो हशा मी पुढे बऱ्याच वर्षांनी नीट ऐकला. त्यात माझाच आवाज सगळ्यात मोठा होता.

बारावीचं वर्ष. आम्ही दोघं सकाळी निघायचो ते दिवेलागणीला परत. ती क्लासहून दुपारी यायची. घरी कोणी नाही. क्लासच्या टेस्टचे मार्क भिंतीवर लागायचे आणि तिचं नाव खाली खाली जात होतं, हे ती तुला फोनवर सांगत नव्हती. मला म्हणाली होती एकदा, "मामा, मले हे नाही होत." मी म्हणालो, "होईल गं. तुझ्या आईने किती केलंय तुझ्यासाठी." बास. विषय संपला. तिला बोलायचं होतं आणि मी तिला तुझे कष्ट मोजून दाखवले. क्लासमधला तो मुलगा मात्र ऐकून घ्यायचा. त्याच्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. तो विषय शीतलचा आहे.

त्या गणपतीत, विसर्जन झाल्यावर, मी बाटली काढली, ग्लासात ओतली, घोट घेतला आणि थांबलो. रंग बरोबर होता. चव नव्हती. पुन्हा एक घोट. मग लक्षात आलं, तो कोऱ्या चहाचा तुरटपणा होता. कोणीतरी रम काढून घेतली होती आणि तेवढाच गार कोरा चहा ओतून ठेवला होता, रंग फिका पडू नये म्हणून. बाटलीची पातळी बोटभरही कमी नव्हती. किती हुशारीने केलं होतं! आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? "घराण्याची आहे." खरंच हेच आलं. मी गालात हसलो, ताई.

नंतर घाबरलो. पण तिच्यासाठी नाही. तिला विचारायचं म्हणजे सुनीताला कळणार, सुनीताला कळलं की ती पहिली मोजदाद माझी करणार, मग तुला कळणार, मग तू तो जुना फ्रॉक उकरून काढणार. मी तो चहा-रम बेसिनमध्ये ओतला, नवी बाटली आणली आणि त्याच फळीवर ठेवली. त्याच फळीवर. ती बाटलीही हळूहळू चहा होत गेली. मला कळत होतं. रोज कळत होतं.

दिवाळीला ती वर्ध्याला आली तेव्हा ढगळ कुर्ते घालत होती. पाळीचं विचारलंस तर म्हणाली, दोन महिने चुकली. खरं त्याहून जास्त झालं होतं, तिलाही धड माहीत नव्हतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं. अभ्यासाचा ताण असेल म्हणून तू काढा केलास. तुझा तो नेहमीचा. गल्लीतल्या निम्म्या बायका ज्यासाठी तुझ्या दारात यायच्या. तीळ भाजून, गूळ, ओवा, सुंठ. उपाशीपोटी चार-पाच सकाळी तिला पाजलास, समोर उभं राहून. आणि मग एका सकाळी तिला न्हाऊ घालताना तुझा हात तिच्या पोटावर पडला.

गावात नको म्हणून तू तिला पुण्याला आणलंस. ती अठराची नव्हती. दवाखान्याने पोलिसांना कळवलं, कळवावंच लागतं. जबाब झाले. मूल नको म्हणण्याची वेळ निघून गेली होती. त्या सगळ्यात एक मिनिट आहे ज्याच्याभोवती मी तेव्हापासून फिरतोय.

डॉक्टर बाई घाईत होत्या, पण वाईट नव्हत्या. आधीचे आजार विचारले, औषधं विचारली. मग मान वर न करता: "तंबाखू, दारू वगैरे काही?"

शीतल तोंड उघडणार होती. मी बघितलं, तिने श्वास घेतला होता. पण आधी तूच बोललीस. "डॉक्टर, आमच्या तर जिल्ह्यातच बंदी आहे." अगदी ताठ मानेने. एवढी बेअब्रू झाली होती, तेवढा एक मान तुझ्याकडे उरला होता आणि तो तू टेबलावर ठेवलास. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, घरात पुरुष माणूस मीच म्हणून. शीतलनेही माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत ती ट्रेनमधली बॅगेवर बसलेली पोरगी होती: मामा, आज किती?

मी म्हणालो, "नाही हो. तसं काही नाही."

डॉक्टर पुढच्या प्रश्नाकडे गेल्या.

मी 'हो' म्हटलं असतं तर काय झालं असतं? तू मला तिथेच काहीतरी बोलली असतीस. सुनीताने माहेर गाठलं असतं कदाचित. आणि डॉक्टरांनी शीतलला सांगितलं असतं की या क्षणापासून थेंब नाही, आईच्या रक्तातून ती बाळापर्यंत जाते, झालं ते झालं पण आजपासून थांबलीस तरी बाळाचं भलं आहे. तिला हे कोणीही सांगितलं नव्हतं. शाळेत नाही, घरात नाही. तिला वाटायचं, दारूने लिव्हर खराब होतं, आणि ते म्हाताऱ्यांचं. सतरा वर्षांच्या मुलीला ती पोटुशी आहे हेच कळायला इतके महिने गेले, पुढचं कुठून कळणार?

तू घर आवरायला महिनाभर वर्ध्याला परत गेलीस. ती आमच्याकडे होती. तिला झोप लागत नव्हती, ती घाबरलेली होती, तो मुलगा फोन उचलत नव्हता. आणि फळीवर बाटली होती. मी कपाटाला कुलूप लावलं नाही. ताई, मी कुलूप विकत आणलं होतं. पिशवीतच राहिलं. लावलं असतं तर ती विचारती, सुनीता विचारती, कशाला? त्या एका कुलपाने मी सगळं कबूल केल्यासारखं झालं असतं. त्या महिन्यातही बाटलीत चहा होत राहिला.

जुई वेळेआधी आली. एवढीशी. वरचा ओठ बारीक रेघ ओढल्यासारखा. नर्स म्हणाली, बाळ नाजूक आहे, लक्ष ठेवा. तू मला बाहेर व्हरांड्यात ओढलंस, पदर तोंडात धरून.

"बाबू, म्याच केलं हे."

"काय?"

"तो काढा. पाळी याव म्हणून दिला न म्या. पोटात लेकरू होतं अन् म्या त्याले गरम गरम पाजलं. माह्या काढ्यानंच झालं."

मला त्या क्षणी जे वाटलं ते लिहायला हात तयार नाही, पण लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं. कारण कोणीतरी जबाबदारी घेत होतं. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "उगाच मनाला लावून घेतेस." 'तुझ्यामुळे नाही' एवढंही म्हणालो नाही. ते म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, मग कोणामुळे?

त्यानंतर तू वर्धा सोडलंस. सदाशिव पेठेत दोन खोल्या घेतल्यास, डबे सुरू केलेस, शीतलला पुन्हा शिकायला बसवलंस. ती डॉक्टर झाली नाही; रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली, आणि तू पेढे वाटलेस जणू सर्जन झाली. गल्लीतल्या बायकांनी खोदून विचारलं, "नात का? मग जावई काय करतात?" तू म्हणायचीस, "काहीच करत नाहीत. म्हणून तर नाहीत." पुणेकरांना पुणेरी उत्तर. मी कौतुकाने सगळ्यांना सांगायचो.

पण एक गोष्ट फक्त मला दिसायची. तुझ्या त्या स्वयंपाकघरात ओव्याचा डबा नव्हता. ज्या बाईच्या फळीवर सुंठ, पिंपळी, ज्येष्ठमध ओळीने असायचं, तिच्या घरात चहात आलंसुद्धा पडत नव्हतं. जुई शिंकली की तू तिला उचलून दवाखान्यात पळायचीस. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, तुळशीचा रस द्या, कशाला डॉक्टर?" तर तू त्यांच्यावर ओरडलीस. मला एकट्यालाच कळलं की का ओरडलीस. मी भजी खात बसलो होतो. खाल्ली.

जुई मोठी होत गेली. उशिरा बोलली. कोणाच्याही अंगावर जाऊन मिठी मारते, गॅसवाल्यालाही. डब्यांच्या पोरींपैकी कोणाला कांदा चालत नाही ते सगळं तिला पाठ, पण काल येत असलेला दोनाचा पाढा आज पूर्ण पुसलेला. बाईंचा निरोप यायचा, लक्ष देत नाही, हट्टी आहे, घरी अभ्यास घ्या. तू घ्यायचीस. पीठ मळता मळता, बे एके बे. तिला आलं नाही की तू तिला रागवायची नाहीस, स्वतःच्या कपाळावर हात मारायचीस. ती घाबरून तुझा हात धरायची, "आजी, नको मारू आजीला."

आपली भांडणं तेव्हाची. तू म्हणायचीस, "पोरीले मोठ्या डॉक्टरले दाखव. एवढ्या कंपनीत आहे तू, ओळखी असतीन." मी म्हणायचो, "काही मुलं उशिरा शिकतात, ताई. मीच नव्हतो का?" तू म्हणायचीस, "तू आताबी नाही शिकला." मी चिडून निघून यायचो. तुला वाटायचं, बाबूला पोरीची लाज वाटते. मला भीती होती की मोठा डॉक्टर तोच प्रश्न पुन्हा विचारेल. त्या भीतीने मी पोरीची मदत लांबवली. एकदा नाही, दर वर्षी.

आणि मग तुझं हृदय. दोन दिवस बरी होतीस, बोलत होतीस, नर्सला सांगत होतीस की खिचडीत मीठ कमी आहे. संध्याकाळी माझा हात धरलास.

"बाबू, मी नसली तर जुईले सांगशीन?"

"काय?"

"का आजीनं मुद्दाम नाही केलं."

ताई, माझ्याजवळ तेव्हा पूर्ण वेळ होता. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तू डोळे लावून माझ्याकडे बघत होतीस. एक वाक्य लागलं असतं. मी स्वतःला सांगितलं, आजारी आहे, धक्का बसेल. तुझी काळजी म्हणून गप्प राहिलो, असं मी अजूनही स्वतःला पटवू शकतो. पण ते खरं नाही. तू जाताना मला भाऊ म्हणून बघत होतीस आणि मला ते शेवटपर्यंत तसंच हवं होतं.

मी म्हणालो, "सांगेन."

तू मान हलवलीस, समाधानाने. पहाटे गेलीस.

तेराव्यानंतर शीतल आली. म्हणाली, "आईची इच्छा होती. मी अपॉइंटमेंट घेतली आहे. तू येतो का?" मी नाही म्हणायला जागा नव्हती. मुलांच्या वाढीच्या डॉक्टर, माझ्याच वयाच्या बाई. जुईशी बराच वेळ खेळल्या, तिचं डोकं मोजलं, चेहरा न्याहाळला. मग तिला बाहेर रंग द्यायला पाठवलं आणि तो प्रश्न आला.

"गरोदरपणात दारू घेतली होती का? हे दोष द्यायला विचारत नाहीये."

मी टेबलावरच्या लाकडी ठोकळ्यांकडे बघत होतो. शीतल म्हणाली, "हो. मी प्यायचे. बऱ्याचदा. आठव्या महिन्यापर्यंत." आवाज हलला नाही तिचा.

"तेव्हा वय?"

"सतरा."

डॉक्टर विचारत गेल्या. पहिली चव कधी? कोणी दिली? घरात कोण घ्यायचं? बाटली हाताला लागेल अशी होती का? दिवसभर घरी एकटी असायचीस? वडील? अभ्यासाचं दडपण? गरोदर आहे हे कधी कळलं? तोवर तपासणी झाली होती का? मोठ्या माणसांपैकी कोणाला संशय होता का? शीतल एकेकाचं उत्तर देत होती, 'घरात', 'घरच्यांनी', 'घरचे'. माझं नाव घेत नव्हती. मला सांभाळून घेत होती, ताई. ज्या मुलीला मी तेव्हाच्या डॉक्टरांच्या टेबलापाशी एकटीला सोडलं होतं, ती मला सांभाळून घेत होती.

तेव्हा मी बोललो. "घरचे म्हणजे मी. बाटली माझी होती. पहिली चव मी दिली. ती पिते हे मला माहीत होतं, आणि तेव्हाच्या डॉक्टरांना मी खोटं सांगितलं."

शीतल माझ्याकडे वळली नाही. फक्त म्हणाली, "त्याला चहा कळला होता हे मला माहीत होतं. दर वेळी नवी बाटली यायची ना. मला वाटायचं, मामाला चालतंय."

मामाला चालतंय. ताई, मी तिला सैल सोडलं असं मी समजत होतो. तिच्या लेखी मी तिला परवानगी देत होतो. दर नव्या बाटलीबरोबर.

डॉक्टर म्हणाल्या, कारण हेच असं कागदावर ठामपणे लिहिण्याआधी आणखी तपासण्या लागतील, पण दारूने होणाऱ्या त्रासाशी जुईचं बरंच काही जुळतं. गरोदरपणात किती चालते याला 'अजिबात नाही' एवढंच उत्तर आहे. जे झालं ते पुसता येणार नाही. पण पोरगी हट्टी नाही, तिला तेच तेच पुन्हा सांगायची, दाखवून शिकवायची गरज आहे, आणि ते शाळेला लेखी देता येईल. मग मी तुझा प्रश्न विचारला. तुझ्या वतीने, इतक्या उशिरा.

"डॉक्टर, हिच्या आईने काढा दिला होता. चार-पाच दिवस. तीळ, गूळ, ओवा, सुंठ. त्याने…"

"किती महिने झाले होते तेव्हा?"

"पाच-साडेपाच."

त्यांनी मान हलवली. "असले उपाय करू नयेत हे खरं. पण जुईचं हे त्या काढ्याने झालेलं नाही. त्या काळजी करतात का? घेऊन या त्यांना, मी बोलेन."

घेऊन या त्यांना.

बाहेर आल्यावर शीतलने विचारलं, "आई काढ्याचं म्हणायची? कधी?" तिला ठाऊकच नव्हतं. तू फक्त माझ्याजवळ बोलली होतीस. मी तिला व्हरांड्यातलं सांगितलं, हॉस्पिटलमधलं सांगितलं, 'सांगेन' म्हणालो तेही सांगितलं. ती रस्त्यावर उभीच राहिली. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. मग म्हणाली, "दारूचं मी तुला एक वेळ माफ करीन, मामा. तेव्हा मीपण होते त्यात. पण हे नाही." आणि जुईचा हात धरून पुढे चालायला लागली. मी मागून. तिने परत जा म्हटलं नाही, एवढंच.

मी सोडली असं इथे लिहिलं तर तुला आवडेल, पण पुढचं मला माहीत नाही. त्या दिवसापासून घेतलेली नाही, इतकंच खरं आहे. सुनीताला सगळं सांगितलं. कपाटाची वरची फळी रिकामी करून तिने तिथे डाळी ठेवल्या.

तुझा निरोप मी जुईला देणार नाही, ताई. 'आजीनं मुद्दाम नाही केलं' असं तिला सांगितलं तर आजीने काहीतरी केलं होतं असं ती धरून चालेल. तिला योग्य वयात काय सांगायचं ते शीतल ठरवेल, आणि त्यात माझं नाव असेल. मी कबूल केलंय.

परवा जुईला सर्दी झाली. मी तुझ्या खोल्यांवर गेलो तर शीतल गॅसपाशी उभी होती आणि जिन्यापर्यंत वास येत होता. कट्ट्यावर नवा डबा, ओव्याचा. सुंठ, गूळ, तुळशीची पानं. तुझ्याच पितळी पातेल्यात उकळत होतं. शीतल माझ्याकडे न बघता म्हणाली, "गाळणी दे." मी दिली. इतक्या दिवसांत तिने मला सांगितलेलं ते पहिलं काम.

जुईने वाटीत नाक घातलं. "हे कोणाचं?"

शीतलने मान वर करून माझ्याकडे बघितलं. ते मी सांगावं म्हणून ती थांबली होती.

"आजीचं," मी म्हणालो. "आजीचा काढा आहे. चांगला असतो."

"आजी तर कधीच देत नव्हती."

"माझ्यामुळे देत नव्हती."

तिला ते काही कळलं नाही. तिने दोन्ही हातांनी वाटी धरली, एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं. कोणी हसलं नाही. मग तिने सगळा संपवला, ताई, आणि वाटी पुढे केली.